मातीचा बैल: कच्चा की भाजलेला?

बेंदूर-पोळ्याच्या बाजारात चुना आणि गेरू चढवलेल्या मातीच्या बैलजोड्या मांडलेल्या असतात. त्यातली कच्ची कुठली आणि भाजलेली कुठली, हे नुसतं बघून कळत नाही. बैल उलटा करा आणि खुराच्या रंग न लागलेल्या तळावर ओलं बोट घासा. बोटाला चिखल आला तर बैल कच्चा. भाजलेला बैल पाणी शोषून घेईल, पण बोट बरबटणार नाही. टिचकी मारली तर कच्चा ठप्प वाजतो आणि भाजलेला टणटणीत.

खरा फरक मात्र पोटात असतो. कच्चा बैल भरीव असला तरी चालतो. मातीचा गोळा दाबून धड करायचं, चार पाय जोडायचे, वशिंड चिमटीने वर खेचायचं. शेतातली काळी माती नुसती वापरली तर ती वाळताना फार आकसते आणि पाय धडाला जिथे मिळतात तिथेच भेग पडते. म्हणून त्यात बारीक वाळू, राख किंवा शेण मळतात आणि बैल उन्हात न ठेवता सावलीत वाळवतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात शीर नसलेल्या देवीसोबत मिळालेला ताम्रपाषाण काळातला, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबत वापरली जायची त्या काळातला, बैलही न भाजलेल्या मातीचाच आहे.

भट्टीत जाणाऱ्या बैलाचा विचार माती चाळतानाच करावा लागतो. चुनखडीचा हरभऱ्याएवढा खडा आत राहिला तर भट्टीत काही दिसत नाही. पुढे हवेतला दमटपणा लागून तो फुगतो आणि काही दिवसांनी बैलाच्या पाठीवरून टवका उडतो. हा दोष भाजणीवर ढकलला जातो, पण तो चाळणीचा असतो.

मोठ्या बैलाचं धड पोकळ ठेवतात. भिंत साधारण बोटाच्या जाडीची, पोटाखाली वाफेसाठी एक भोक. भरीव धडाच्या गाभ्यात ओल राहिली की शंभर अंशांच्या पुढे तिची वाफ होते आणि बैल भट्टीतच फुटतो, शेजारच्या दोघांनाही घेऊन. बैल पुरता वाळला का, हे गालाला लावून पाहतात: गार लागला तर अजून ओल आहे. शिंगं आणि पाय नुसते चिकटवून भागत नाही. दोन्हीकडे ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल भरावा लागतो, आणि दोन्ही तुकड्यांचा ओलेपणा सारखा हवा. चाकं लावायची असतील तर काडीची भोकं माती चामड्यासारखी घट्ट झाली की पाडायची आणि काडीपेक्षा थोडी मोठी ठेवायची, कारण पुढे तीही आकसतात.

भट्टीतला जाळ सुरुवातीला मंद, मग हळूहळू वाढवत न्यायचा. सुमारे सहाशे अंश ओलांडले की माती पाण्यात पुन्हा विरघळत नाही. मोडलेल्या पायात मधोमध काळी रेघ दिसली म्हणून तो कच्चा समजू नका. ते आतल्या शेणाचं पूर्ण न जळलेलं काजळ असतं.

रंगातही फरक पडतो. कच्च्यावर ओथंबलेला ब्रश फिरवला की कान-शिंगांची धार विरघळते; गेरूत थोडा डिंक घालून पातळ हात एकदाच फिरवावा आणि वाळल्यावर दुसरा. भाजलेला बैल चुना आनंदाने पितो.

विसर्जन करायचं असेल तर कच्चाच घ्या. तो बादलीत विरघळतो आणि तीच माती कुंडीत जाते. भाजलेला पाण्यात तसाच पडून राहील. तो पुसून ठेवा, पुढच्या वर्षी नवा चुना द्या.