अपील आणि न्यायिक पुनर्विलोकन: कॅनडात कारागिराचा अर्ज नामंजूर झाल्यावर

कुशल कारागिरांना कायम वास्तव्य देणाऱ्या कॅनडाच्या ‘फेडरल स्किल्ड ट्रेड्स’ योजनेखालील अर्ज कामाचा अनुभव अपुरा ठरवून नामंजूर झाला, की घरात पहिला शब्द निघतो तो ‘अपील’. ही चूक नुसती शब्दाची नाही. अशा अर्जदाराला अपिलाचा हक्कच नसतो. त्याच्यासाठी आहे ते फेडरल कोर्टातील न्यायिक पुनर्विलोकन. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत न्यायालय स्वतःचाच निकाल पुन्हा तपासते, त्या पुनर्विलोकनाशीही याची गल्लत करू नये. नाते जोडायचेच, तर ते आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात होणाऱ्या रिट अर्जाशी अधिक जवळचे आहे.

अपील कसे असते, हे कॅनडातच पाहता येते. तिथल्या नागरिकाने पत्नीला तिथे कायम वास्तव्यासाठी आणायला केलेला प्रायोजकत्वाचा अर्ज नाकारला गेला, तर त्याला सर्वसाधारणपणे इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जाता येते. तिथे नवी कागदपत्रे दाखल होतात, साक्षी होतात, आणि पुरावा नव्याने तोलून मूळ निर्णयाच्या जागी दुसरा निर्णय देता येतो. थोडक्यात, प्रश्न असतो तो ‘खरे काय आहे’ हा.

पुनर्विलोकनात हा प्रश्न न्यायाधीश स्वतःला विचारतच नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये वाव्हिलोव्ह प्रकरणात घालून दिलेल्या चौकटीनुसार तो सामान्यतः एवढेच पाहतो, की अधिकाऱ्यासमोर जे कागद होते ते आणि कायदा लक्षात घेता त्याचा निर्णय वाजवी, म्हणजे सुसंगत आणि कारणांनी पेलला जाणारा होता का. न्यायाधीशाला स्वतःला वेगळा निर्णय घ्यावासा वाटला असता, एवढ्याने तो निर्णय रद्द होत नाही.

उदाहरणादाखल पिंपरी-चिंचवडचा एखादा वेल्डर घेऊ. अर्जाआधीच्या 5 वर्षांत किमान 2 वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, म्हणजे आठवड्याला 30 तासांच्या हिशेबाने 3,120 तास, त्याने दाखवायचे असतात. शिवाय कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणात त्या व्यवसायाची जी मुख्य कामे दिली आहेत, त्यांपैकी बरीचशी आणि त्यांतली अत्यावश्यक ठरवलेली सर्व कामे केल्याचेही दाखवायचे असते. (या वर्गीकरणाचे लघुरूप ‘एनओसी’ आहे, आपल्याकडच्या ना हरकत दाखल्याशी त्याचा काही संबंध नाही.) कारखान्याने मात्र नेहमीच्या साच्यातले पत्र दिलेले असते: अमुक तारखेपासून वेल्डर म्हणून कामास होते, वर्तणूक चांगली. नकारानंतर तोच मालक दोन पानी पत्र देतो. ड्रॉइंग वाचून काम करत, टिग आणि मिग दोन्ही प्रकारचे वेल्डिंग करत, आठवड्याला 48 तास भरत, असे सगळे त्यात येते. अपिलात या पत्राने बाजू उलटू शकली असती. पुनर्विलोकनात ते, काही मोजके अपवाद सोडले तर, वाचलेही जात नाही, कारण निर्णयाच्या दिवशी ते फाइलमध्ये नव्हते.

याच्या नेमके उलट टोकाचे पत्रही अडचणीत आणते. वर्गीकरणातली वाक्ये जशीच्या तशी उतरवलेली दिसली, की अधिकाऱ्याला पत्राच्या खरेपणाचीच शंका येऊ शकते. येथे फेडरल कोर्टाच्या निकालांतून रूढ झालेला एक भेद कामी येतो आणि माझ्या मते या विषयाचे मर्म त्यातच आहे. पुरावा केवळ अपुरा असेल, तर तो पुरा करून मागण्याचे बंधन अधिकाऱ्यावर सहसा नसते. अर्ज परिपूर्ण ठेवणे हे अर्जदाराचे काम. परंतु पत्राच्या किंवा अर्जदाराच्या विश्वासार्हतेबद्दल शंका असेल, तर ती त्याला कळवून उत्तराची संधी देणे प्रक्रियेच्या न्याय्यतेचा भाग मानले जाते. म्हणून वरवर ‘अपुरा पुरावा’ म्हणणाऱ्या नकारामागे प्रत्यक्षात अविश्वास होता का, हे अधिकाऱ्याच्या टिपणांतून शोधण्यावर अनेक प्रकरणे लढवली जातात. पत्रात कामांचे नेमके वर्णन असूनही अधिकाऱ्याने त्याची दखलच घेतली नाही, हा दुसरा बळकट मुद्दा.

पुनर्विलोकनासाठी कोर्टात जाण्याच्या मुदतीचा नियम मात्र सरळ आहे. प्रकरण कॅनडात उद्भवले असेल तर 15 दिवस, कॅनडाबाहेर उद्भवले असेल तर 60. कोणती मुदत लागू होते याची खात्री नसेल, तर 15 दिवसच धरून चालावे. या मुदतीत करायचा अर्जही आधी न्यायालयाची परवानगी मागणारा असतो आणि ती नाकारली गेली, तर त्याविरुद्ध अपील नाही. परवानगी मिळून अर्जदार जिंकला, तरी हाती व्हिसा येत नाही. न्यायालय सहसा नकार रद्द करून फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फेरनिर्णयासाठी धाडते, आणि कोर्टाने न वाचलेले ते दोन पानी पत्र पुढे करण्याची वाट बहुधा तिथे उघडते.