झोन बदल व हरकतींची सुनावणी (कोकण किनारा)

मंजूर विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत एखाद्या जमिनीला जो वापर नेमून दिलेला असतो, तो कायद्याने बदलून घेणे म्हणजे झोन बदल. सरकारी कागदांत त्याला ‘वापर विभाग बदल’ किंवा ‘फेरबदल’ म्हणतात. शेती किंवा हरित पट्ट्यातली जमीन निवासी अथवा पर्यटन वापराखाली आणणे, शाळा, बाग किंवा बाजारासाठी ठेवलेले आरक्षण उठवणे, ही त्याची नेहमीची रूपे. या साऱ्याचा पाया महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे.

झोन बदल आणि बिनशेती या दोन गोष्टी सर्रास एकच समजल्या जातात. बिनशेती हा जमीन महसूल संहितेतला विषय आहे, तर झोन हा आराखड्याच्या नकाशावरचा रंग. सातबारा कितीही स्वच्छ असला तरी नकाशात जमीन हरित दिसत असेल तर तिच्यावर वसाहत उभी राहत नाही. म्हणून जमीन घेण्याआधी झोन दाखला (जमीन कोणत्या वापरात आहे ते सांगणारा कागद) आणि भाग नकाशा (आराखड्याच्या नकाशाचा त्या जागेपुरता उतारा) काढावा लागतो.

अर्ज कोणाकडे जातो हे जागेवर ठरते. अलिबाग, चिपळूण, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशा नगरपरिषदांच्या हद्दीत नगरपरिषद हेच नियोजन प्राधिकरण असते. तिथे अधिनियमाचे कलम ३७ लागू होते. सभेने ठराव करायचा, राजपत्रात नोटीस प्रसिद्ध करायची, एक महिन्याच्या आत हरकती व सूचना मागवायच्या, बाधित व्यक्तींना स्वतंत्र नोटीस द्यायची, त्यांचे म्हणणे ऐकायचे आणि मग प्रस्ताव राज्य शासनाकडे पाठवायचा. निवडून आलेली सभा नसेल तेव्हा हे अधिकार प्रशासक वापरतो. शासन नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन प्रस्ताव मंजूर करते, त्यात बदल सुचवते किंवा तो नाकारते. नगरपरिषदेचा ठराव म्हणजे झोन बदल नव्हे, ती फक्त सुरुवात आहे. या कलमात एक अट आहे आणि ती हरकतदाराच्या फार कामाची आहे: बदलाने मूळ आराखड्याचे स्वरूप पालटता कामा नये.

शहरहद्दीबाहेरच्या गावांना प्रादेशिक योजना लागू असते. तिथला फेरबदल कलम २० खाली शासन स्वतः करते. हरकती ऐकून अहवाल देण्याचे काम सहसा नगररचना विभागाच्या कोकण विभागीय सहसंचालकांकडे सोपवले जाते आणि त्यांचे कार्यालय नवी मुंबईत, कोकण भवनात आहे. दोडामार्गच्या शेतकऱ्याला ते किती लांब पडते, हे नकाशा काढणाऱ्याने एकदा तरी एसटीने जाऊन पाहावे. ग्रामपंचायतीला झोन बदलण्याचा अधिकार नाही. ग्रामसभेचा ठराव हरकतीला जोडता येतो, त्याचे वजनही पडते, पण तो बंधनकारक नसतो.

सुनावणी या शब्दानेही फसगत होते. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेखालची जनसुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या लगत, मांडवात, लाऊडस्पीकर लावून होते; अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो आणि कोणालाही उठून बोलता येते. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी २०१० साली माडबन येथे झाली ती या प्रकारची. झोन बदलाची सुनावणी मात्र कार्यालयातल्या टेबलासमोर होते, आणि तिथे सहसा ज्याने मुदतीत लेखी हरकत दिली त्यालाच बोलावणे येते. महिना उलटून गेल्यावर सारे गाव दारात उभे राहिले तरी त्या दिवशी त्याला जागा नसते. शहराचा नवा प्रारूप आराखडा असेल तर हरकती नियोजन समिती ऐकते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात.

कोकणात ही एक महिन्याची मुदत फार तोकडी पडते. एकाच सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांपासूनची नावे, त्यांतले निम्मे खातेदार मुंबई-ठाण्यात. जाहीर नोटीस स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापली जाते आणि चाकरमानी गावी येतो तो शिमग्याला किंवा गणपतीला. सामायिक जमिनीत एकट्या भावाच्या अर्जावर प्रस्ताव पुढे सरकला, तर बाकीच्यांना तो बहुधा राजपत्रातच दिसतो. म्हणून गावी राहणाऱ्या माणसाने नोटिशीचा फोटो काढून मुंबईच्या भावकीला पाठवणे हे काम प्रत्येक वाडीत कोणीतरी अंगावर घ्यायला हवे.

दुसरी अडचण वस्तीची. घाटावर घरे गावठाणात एकवटलेली असतात, कोकणात ती वाड्यावाड्यांत विखुरलेली. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरांवरही नकाशात शेतीचा रंग चढतो. कोळीवाड्यात तर वेगळाच पेच. मासळी सुकवण्याची जागा, होड्या वर ओढायची पुळण (वाळूचा किनारा), जाळी पसरायचे मैदान यांचा वापर सगळ्या वाडीचा, पण त्यावर नाव कोणाचेच नसते. अशा वेळी कलम ३७ मधले ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द लक्षात ठेवावेत. हरकत घ्यायला मालक असावे लागत नाही. मच्छीमार बाई, शाळेची व्यवस्थापन समिती, शेजारचा बागायतदार, कोणीही हरकत देऊ शकते.

हरकतीत ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहिले तर अहवालात त्याची एक ओळ होते. सर्व्हे नंबर, पऱ्याची म्हणजे ओढ्याची वाट, पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट, विहिरी, पावसात पाणी कुठवर चढते, हे नकाशावर खूण करून दिले तर अधिकाऱ्याला उत्तर लिहावे लागते. जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचे सपाट माळरान, कागदावर पडीक दिसतो. प्रत्यक्षात ते गुरांचे चराऊ रान असते, त्याच्या कातळातून पाणी मुरून खालच्या वाडीच्या झऱ्यांना येते, आणि रत्नागिरी-राजापूर भागात त्याच सड्यांवर कातळशिल्पेही आहेत. चिपळूणसारख्या शहरात पूररेषा पाहावी लागते. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध, निळी आणि लाल रेषेमधला नियंत्रित. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले, त्यानंतर या रेषांवरचा वाद तिथे घराघरांत पोचला.

समुद्रालगत सागर किनारा नियमन क्षेत्राचे (सीआरझेडचे) नियम झोनच्याही वरचढ ठरतात. १९९१, २०११ आणि २०१९ अशा तीन अधिसूचना झाल्या. २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. दाट वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत ना-विकास पट्टा राहिला, विरळ वस्तीच्या गावांत तो २०० मीटर कायम ठेवला. निवासी झोन मिळाला तरी या पट्ट्यातली मनाई उठत नाही.

शासनाची मंजुरी राजपत्रात प्रसिद्ध झाली की नकाशाचा रंग बदलतो. बहुतेक वेळा मंजुरीसोबत अधिमूल्य (बदलापोटी भरायची रक्कम) भरण्याची व इतर अटी जोडलेल्या असतात. त्यानंतर हरकतदारासमोर मुख्यतः उच्च न्यायालयातील रिट याचिकेचा मार्ग उरतो. तिथे पहिल्यांदा पाहिले जाते ते नोटीस रीतसर निघाली का, बाधितांना ती मिळाली का आणि ऐकलेल्या हरकतींवर कारणांसह अभिप्राय लिहिला गेला का. त्यामुळे हरकत देताना आवक क्रमांक टाकलेली पोच घेणे आणि सुनावणीच्या हजेरीपत्रकावर सही करणे, ही दोन कामे चुकवू नयेत.