खाटेवर पुतळा, खोलीभर चुका

सरावासाठी वॉर्डासारखी मांडलेली एक खोली, तिच्यात मुद्दाम पेरलेल्या चुका. खाटेवर रबरी पुतळा. केसपेपरवर ‘सुनीता पवार, ४६, रा. दिंडोरी’, मनगटाच्या पट्टीवर मात्र ‘सुनंदा पवार, ६४’. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना कोरा कागद आणि दहा मिनिटं द्यायची. पेशंटला इथं कशामुळे इजा होऊ शकेल, ते लिहायचं. धोके किती पेरलेत हे सांगू नये. आकडा कळला की मुलं बघायचं सोडून मोजत बसतात.

फरशीवर सांडलेलं पाणी, सुयांनी ओसंडणारा पांढरा डबा (तो पाऊण भरला की बंद करायचा असतो) हे लगेच सापडतं. अडतं ते औषधांच्या ट्रेपाशी.

केसपेपरवर इन्सुलिन २० युनिट. ट्रेमध्ये यू-४० ची (एका मि.लि.मध्ये ४० युनिट) बाटली आणि नारिंगी टोपणाची सिरिंज. नारिंगी टोपण यू-१०० चं (मि.लि.ला १०० युनिट), यू-४० चं लाल. या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर ०.२ मि.लि. येतं, म्हणजे पेशंटला जेमतेम ८ युनिट. उलटी जोडी जास्त घातक. यू-१०० ची बाटली आणि लाल टोपण असेल तर त्याच रेघेला ०.५ मि.लि., म्हणजे ५० युनिट! साखर इतकी उतरते की पेशंट बेशुद्ध पडू शकतो. त्यात ‘युनिट’साठी घाईत लिहिलेला इंग्रजी यू शून्यासारखा दिसला, तर २० चे थेट २०० होतात.

नजर ठरलेली गोष्ट शोधत असली की बाकीचं दिसत नाही. २०१३ च्या एका प्रयोगात छातीच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टना गोरिलाचं चित्र घातलेले स्कॅन दाखवले. २० जणांना तो दिसलाच नाही. विद्यार्थी आजार शोधत खोलीत शिरतो आणि नळीतून दूध चालू असताना खाट सपाट आहे, डोकं ३० ते ४५ अंश वर नाही, हे त्याच्या नजरेतून सुटतं.

नाशिकमध्ये तरी ऑक्सिजनचा कोपरा वगळू नये. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब पडला आणि २० हून जास्त रुग्ण दगावले. टाकी दुरुस्त करणं विद्यार्थ्याचं काम नाही, पण खाटेजवळचा सिलिंडर किती वेळ पुरेल हे त्याला सांगता यायला हवं. साधारण १५०० लिटरचा बी-टाइप सिलिंडर भरलेला असताना दाबाचा काटा १५० बारच्या आसपास असतो. काटा २० वर म्हणजे २०० लिटर. मिनिटाला १० लिटरने २० मिनिटं. मात्र झडप उघडल्याशिवाय काटा खरं सांगत नाही.

नंतरच्या चर्चेला खोलीतल्या वेळेच्या दुप्पट वेळ ठेवावा आणि सुरुवात सुटलेल्या धोक्यांपासून करावी. नर्सिंगचे विद्यार्थीही सोबत घ्यावेत. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या वर टांगलीय, हे बहुधा त्यांनाच आधी दिसतं. एमबीबीएस आणि नर्सिंग, दोन्ही अभ्यासक्रम म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत, तरी मुलं एकत्र शिकतात ती क्वचितच.

असलेली चूक दिसते, नसलेली वस्तू दिसत नाही. म्हणून एक धोका असा ठेवावा: सिलिंडर भरलेला, नळी जोडलेली, फक्त झडप उघडायची चावी जागेवर नाही.