ईसीजी नॉर्मल, मग छातीत दुखतं कशानं?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक चित्र फिरतंय. माणसाच्या छातीचे रंगीत तुकडे पाडलेत. इथे दुखलं तर हार्ट, इथे दुखलं तर पित्त, इथे गॅस आणि एका पिवळ्या कोपऱ्यात ‘टेन्शन’. खाली जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’. चित्र सुबक आहे, पण त्यातलं शरीरशास्त्र मनाचं आहे. हृदयातून वेदना वाहून नेणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या ज्या भागात शिरतात, त्याच भागात छातीच्या आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूच्या त्वचेच्या नसाही शिरतात. अन्ननलिकेच्या नसांची वाटही बरीचशी तीच. मेंदूपर्यंत खबर पोचते, पत्ता मात्र धूसर असतो. म्हणून नुसत्या जागेवरून फारसं काही ठरत नाही.

त्यापेक्षा जास्त सांगतं ते दुखण्याचं वेळापत्रक. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरने १७६८ मध्ये लंडनमध्ये वाचलेल्या निबंधात अंजायनाचं जे वर्णन केलं, ते आजही जवळपास जसंच्या तसं चालतं. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखं होतं आणि उभं राहिलं की थांबतं. हृदयाच्या स्नायूची ऑक्सिजनची मागणी वाढली, अरुंद झालेल्या धमनीला ती पुरवता आली नाही, की कळ येते. मागणी उतरली की काही मिनिटांत जाते. अशी कळ दाखवताना माणूस बहुधा पूर्ण तळवा किंवा मूठ छातीवर ठेवतो. एका बोटाने ‘इथ्थं टोचतंय’ असं दाखवणाऱ्याचं दुखणं बरेचदा बरगड्यांच्या सांध्याचं किंवा स्नायूचं निघतं. काही सेकंदांची चमक किंवा चार दिवस सलग चाललेलं बारीक दुखणं हृदयाचं असण्याची शक्यता कमी.

पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या रोज दमादमाने चढतो आणि काही होत नाही, पण रात्री सोफ्यावर बसलं की छाती जड होते, असं सांगणारे पुण्यात पुष्कळ भेटतात. ही माहिती डॉक्टरच्या फार कामाची असते. मात्र दुखतंय का ते बघायला म्हणून कोणी पर्वती चढू नये. तो प्रयोग टीएमटीच्या (ट्रेडमिल टेस्टच्या) पट्ट्यावर, शेजारी डॉक्टर उभा असताना करायचा असतो.

आणि हे सगळे ठोकताळेच. मधुमेह्यांना हार्ट अटॅकमध्येही कधीकधी दुखतच नाही. बायकांमध्ये नुसता दम, मळमळ किंवा जबड्यात कळ एवढंच असू शकतं. पहिल्यांदाच दुखत असेल किंवा काही मिनिटांत थांबत नसेल किंवा घाम फुटला असेल, तर कारण शोधत बसायचं नाही, १०८ लावायचा. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून सुटका नसते. अटॅकच्या सुरुवातीला तो नॉर्मल असू शकतो, म्हणून काही वेळाने पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) हेही गरज पडल्यास दोनदा तपासतात. ‘जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली, बरं वाटलं, म्हणजे हार्टच’ हाही कच्चा तर्क आहे. रक्तवाहिन्या सैल करणारी ती गोळी अन्ननलिकेचा आखडलेला स्नायूही सैल करते.

समजा हे सगळं झालं. ईसीजी, ट्रोपोनिन, टू-डी इको, टीएमटी, सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, ‘काही नाही, टेन्शन आहे.’ आणि दुखणं तर परवा पुन्हा आलं. इथे माझी तक्रार आहे. ‘टेन्शन’ हे उरलेसुरले रुग्ण टाकायचं खोकं नाही. त्यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे आणि ते मला शरीरक्रियाशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांना तपासून जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये एक निबंध लिहिला. छातीत दुखणं, धडधड, दम, चक्कर आणि हृदयात दोष कुठेच नाही, असे हे रुग्ण. पुढे अशा रुग्णांच्या श्वासाकडे लक्ष गेलं. घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जास्त श्वास घेतो. नेहमी धापाच लागते असं नाही, मधूनमधून सोडलेले मोठे सुस्कारे पुरतात. यात ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण रक्त आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. हा वायू म्हणजे निव्वळ कचरा असं शाळेत आपल्या डोक्यात बसतं, प्रत्यक्षात रक्ताची आम्लता त्याच्या हाती असते. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण ४० मिलिमीटर असतो. जोरात श्वासोच्छ्वास केला तर काही मिनिटांत तो २०-२५ वर येऊ शकतो आणि रक्ताचा पीएच (हा आकडा चढला की आम्लता उतरते) ७.४ वरून ७.५ च्या वर सरकतो.

एवढ्याशा सरकण्याने काय होतं? रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर ऋणभाराच्या जागा असतात. त्या काही हायड्रोजन आयनांनी, काही कॅल्शियमने अडवलेल्या असतात. पीएच चढला म्हणजे हायड्रोजन आयन कमी झाले. ते जागा सोडून उतरतात आणि गर्दीच्या वेळच्या पुण्याच्या पीएमपी बसमध्ये व्हावं तसं, उभा असलेला कॅल्शियम लगेच तिथे बसतो. एकूण कॅल्शियम तेवढाच राहतो, पण मोकळा फिरणारा कमी होतो. नसांच्या पडद्यातली सोडियमची दारं नको तेव्हा उघडू नयेत, हे काम याच मोकळ्या कॅल्शियमचं. तो घटला की नसा विनाकारण संदेश सोडू लागतात. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात त्या यामुळे. जोर जास्त असेल तर हाताचा पंजाच आखडतो: अंगठा आत वळलेला, बोटं सरळ एकमेकांना चिकटलेली, मनगट खाली झुकलेलं. हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही, आणि ज्याचा हात असा होतो त्याला आपल्याला लकवा मारला असं वाटतं.

तोवर मेंदूच्या धमन्या आवळलेल्या असतात. कार्बन डायऑक्साइडचा दाब दर मिलिमीटरने उतरला की मेंदूचा रक्तपुरवठा साधारण २ ते ४ टक्क्यांनी घटतो. म्हणून चक्कर, म्हणून सगळं स्वप्नातलं वाटणं. त्यात डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्रिस्तियन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवलेला परिणाम: कार्बन डायऑक्साइड कमी झाला की हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं, पेशींना सहज सोडत नाही. कोविडपासून घरोघरी असलेला ऑक्सिमीटर ९९ दाखवतो आणि माणूस म्हणतो, ‘हवा पुरत नाही.’ दोघंही खरं बोलत असतात. हवा पुरत नाही म्हणून तो आणखी खोल श्वास घेतो आणि दाब आणखी उतरतो.

छातीत दुखतं ते एका कारणाने नाही. पोटाऐवजी छातीच्या वरच्या भागाने श्वास घेत राहिल्याने बरगड्यांमधले स्नायू दिवसभर राबून दुखायला लागतात. अन्ननलिका आखडू शकते. अ‍ॅड्रेनलीनने ठोके जोरात पडतात. काही जणांमध्ये हृदयाच्या धमन्याही थोड्या आवळतात आणि ईसीजीतल्या टी लहरी बदलतात, मग डॉक्टरही बुचकळ्यात पडतो.

पण परत परत का? यात मूत्रपिंडाचा हात आहे. आम्लता ठरते ती बायकार्बोनेट (आम्लता मारणारा क्षार) आणि विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या गुणोत्तरावर, निरोगी रक्तात साधारण २० ला १. माणूस दिवसचे दिवस थोडा जास्त श्वास घेत राहिला, की गुणोत्तर सांभाळायला मूत्रपिंड बायकार्बोनेट लघवीवाटे सोडून देतं. पीएच जागेवर येतो, पण साठा आटलेला आणि मेंदूतल्या श्वासकेंद्राला तो कमी दाबच सवयीचा झालेला. अशा वेळी दोन जांभया, एक सुस्कारा, साहेबाची एक ईमेल एवढ्याने तोल जातो. ‘तेव्हा मला काहीच टेन्शन नव्हतं हो’ असं रुग्ण कळवळून सांगतो, ते म्हणूनच खोटं नसतं.

मनाचा ताण हृदयाला खरोखर इजा करत नाही असंही नाही. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी ताकोत्सुबो नावाचा विकार नोंदवला. मोठ्या धक्क्यानंतर डाव्या जवनिकेचं (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचं) टोक काही काळ आकुंचन पावेनासं होतं, पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्त. ट्रोपोनिन वाढतं, ईसीजी बिघडतो आणि धमन्या मात्र मोकळ्या.

उपायांच्या नावाखाली फिरणाऱ्या दोन गोष्टी आधी निकालात काढू. ‘अटॅक आला तर जोरजोरात खोका’ हा मेसेज वर्षानुवर्षं मरत नाही. घरी एकट्याने खोकत बसल्याने बंद धमनी उघडत नाही, फोन करायची वेळ तेवढी जाते. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्लाही सोडून द्यावा. दुखणं खरोखर हृदयाचं निघालं, तर आधीच तहानलेल्या स्नायूचा ऑक्सिजन पिशवीने आणखी कमी होतो. दृष्ट काढल्याने निदान अपाय तरी होत नाही, मीठ-मोहरी वाया जाते इतकंच. आणि मनगटावरचं महागडं घड्याळ ठोक्यांची अनियमितता पकडू शकेल, हार्ट अटॅक ओळखणं त्याचं काम नाही.

कामाचं आहे ते हळू श्वास सोडणं. एक हात पोटावर ठेवून, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. आठवडेच्या आठवडे सराव केला तर श्वासकेंद्राची सवय बदलते. विचारांची फेरमांडणी शिकवणारी सीबीटी आणि गरजेप्रमाणे मनोविकारतज्ज्ञाने दिलेल्या गोळ्या, दोन्हींचा उपयोग होतो. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आठव्या दिवशी बंद करणारे फसतात. आपल्याकडे त्याआधी बहुधा वेगळाच मार्ग धरला जातो: कोथरूडला एक ईसीजी, कॅम्पात दुसरा, मग ओळखीतल्या कोणाकडे तिसरा. प्रत्येक नॉर्मल रिपोर्ट काही दिवस पुरतो.

नव्या रिपोर्टपेक्षा साधी वही न्यावी. ‘मंगळवार, रात्री ११, मोबाइल बघताना, ४० मिनिटं, ओठांना मुंग्या, सकाळी जिना चढताना काही नाही’ ही एक नोंद. ‘बुधवार, जेवणानंतर लक्ष्मी रोडवर चालताना, ५ मिनिटं, थांबल्यावर गेलं’ ही दुसरी. दुसरी नोंद वहीत आली, तर मागचे सगळे ईसीजी नॉर्मल असले तरी त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञ गाठायचा. अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या मोकळ्या दिसल्या तरी बारीक रक्तवाहिन्यांचा अंजायना असू शकतो, विशेषतः बायकांमध्ये, आणि त्याची औषधं वेगळी असतात.