गोड खाल्ल्याने कुत्र्याला जंत होतात?

‘कुत्र्याला गोड देऊ नका, जंत होतात’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. बिस्किट दिलं आणि आठवड्याभरात त्याच्या शीमध्ये जंत दिसले, तर कुणालाही तसंच वाटेल.

पण जंत साखरेतून जन्माला येत नाहीत. ते अंड्यातूनच येतात, आणि ती अंडी किंवा अळ्या बाहेरून शरीरात जाव्या लागतात. गोल जंत बहुतेक पिल्लांना आईकडूनच मिळतात, गर्भात असताना किंवा दुधातून. म्हणून बिस्किट कधी न चाखलेल्या पिल्लाचंही पोट टम्म फुगलेलं दिसतं. अंडी मातीत अनेक महिने टिकतात. कुत्रा माती हुंगतो, पंजे चाटतो, की झालं. चपटे जंत पिसवांमधून येतात: अंग चावताना कुत्रा पिसू गिळतो. शेपटीखालच्या केसांना भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे चिकटलेले दिसले, तर ते हेच.

पडताळायचं असेल तर ताजी शी डबीत घालून पशुवैद्याकडे न्या. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात, कधी मात्र पहिल्या तपासणीत निसटतात. औषध वजनावर ठरतं, शेजारच्याची गोळी अर्धी करून देऊ नका.

म्हणजे गोड मोकळं झालं का? नाही. त्याने वजन वाढतं, दात किडतात. शिऱ्यातले बेदाणे आणि चॉकलेट तर विषारीच. लाडच करायचे तर गाजराचा तुकडा द्या. आमच्याकडे विळीचा आवाज आला की स्वारी हजर.