टेपिंगने दुखणे थांबते का? पुराव्यांची पार्श्वभूमी

खेळाडूंच्या खांद्यांवरच्या रंगीत लवचिक पट्ट्या जगाच्या नजरेत भरल्या त्या २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये. ही सुती टेप १९७० च्या दशकात एका जपानी कायरोप्रॅक्टरने (मणका आणि सांध्यांवर हातांनी उपचार करणाऱ्याने) तयार केली होती. घोटा जखडून ठेवणारी, न ताणली जाणारी टेप त्याहून जुनी. गुडघ्याची वाटी टेपने एका बाजूला ओढून धरण्याची पद्धत १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून आली. लवचिक टेपवरच्या बहुतेक चाचण्या मात्र बीजिंगनंतरच्या आहेत.

खरा वाद आहे तो तुलना कशाशी करायची याचा. स्नायू ताणलेल्या स्थितीत टेपही ताणून लावली, की शरीर सरळ होताना तिच्यावर सुरकुत्या पडतात. त्यामुळे त्वचा किंचित उचलली जाते, रक्ताभिसरण सुधारते आणि वेदना कमी होते, असा दावा आहे. म्हणून संशोधकांनी एका गटाला ताण देऊन, तर दुसऱ्याला अजिबात ताण न देता तीच टेप लावली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील चाचणीत जुनाट कंबरदुखीचे १४८ रुग्ण होते. चार आठवड्यांनंतर वेदनेत आणि रोजच्या हालचालींतल्या अडचणींत दोन गटांमध्ये दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. त्याआधी २००८ मध्ये खांदा दुखणाऱ्या ४२ विद्यार्थ्यांवर चाचणी झाली होती. ताणलेली टेप लावल्याबरोबर त्यांचा हात न दुखता थोडा अधिक वर गेला, पण पुढच्या काही दिवसांत तो लाभ टिकला नाही.

यावर समर्थक म्हणतात, की बिनताणाची टेपही त्वचेला स्पर्श करते, त्यामुळे तिला निष्क्रिय मानणे चूक आहे. मुद्दा रास्त आहे. पण तो मान्य केला, तर सुरकुत्यांचा सिद्धान्तच निकालात निघतो. मग टेप किती टक्के ताणायची हे शिकवणारे अभ्यासक्रम कशाच्या आधारावर चालतात, याचे उत्तर मिळायला हवे. टेपचे पैसे शेवटी रुग्णच मोजतो.

गुडघ्याच्या वाटीच्या टेपिंगचा २०१२ चा आढावा पाच लहान चाचण्यांवर थांबला आणि निष्कर्षाविना संपला. खांद्याच्या रोटेटर कफच्या (सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायू-कंडरांच्या) दुखण्यासाठी २०२१ मध्ये २३ चाचण्या आणि १,०५४ रुग्ण एकत्र तपासले गेले. तिथेही पुराव्याची खात्री फार कमी ठरली. त्यातल्या त्यात भक्कम आधार आहे तो एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळू नये म्हणून लावायच्या न ताणणाऱ्या टेपला. तिथे मोजली जाते ती नवी दुखापत, वेदना नव्हे.