उंच प्रतिस्पर्ध्याला भिडण्याच्या तंत्राची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या सीमाभागात बॉक्सिंगकडे वळणारा मुलगा अनेकदा तालमीच्या उंबरठ्यावरून आलेला असतो. लाल मातीत घोटलेल्या मांड्या, भरलेली मान आणि खाली वाकून पटात (समोरच्याच्या पायांकडे) शिरण्याची सवय त्याच्याकडे आधीपासून असते. निपाणीचा मुलगा कर्नाटकाच्या संघासाठी निवड चाचणी देतो आणि हाकेच्या अंतरावरचा कागलचा मुलगा महाराष्ट्राच्या संघासाठी. पण राष्ट्रीय स्पर्धेच्या रिंगणात त्याच वजनगटातला, हातभर उंच दिसणारा हरियाणाचा मुष्टियोद्धा समोर उभा राहिला की दोघांचीही अडचण एकच असते. ती अडचण जुनी आहे आणि तिच्यावरचे उपाय गेल्या सव्वादोनशे वर्षांत एकेका लढतीतून, एकेका नियमबदलातून घडत आले आहेत.

अडचणीचे स्वरूप आधी नीट समजून घ्यायला हवे. वजन सारखे असेल तर उंच मुष्टियोद्ध्याचे हात लांब असतात आणि त्यामुळे दोघांमध्ये चार-सहा इंचांचा असा एक पट्टा तयार होतो, की ज्यात उभे राहून तो मारू शकतो आणि आपण मारू शकत नाही. त्या पट्ट्याच्या बाहेर दोघेही सुरक्षित असतात. त्याच्या आत शिरल्यावर लांब हात आखडावे लागतात आणि आखूड हाताचा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) व अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) जोर धरतो. म्हणून कमी उंचीच्या खेळाडूच्या तंत्राचा सारा इतिहास हा पट्टा कमीत कमी मार खाऊन कसा ओलांडावा, एवढ्या एका प्रश्नाचा इतिहास आहे. ताकद, हिंमत, दम हे सारे त्यानंतर येते.

या प्रश्नाचे पहिले विचारपूर्वक उत्तर अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये डॅनियल मेंडोझाने दिले. त्या काळी उघड्या मुठींनी, एका जागी पाय रोवून ठोशाला ठोसा देणे हीच मर्दुमकी मानली जाई. पाच फूट सात इंच उंचीच्या मेंडोझाला ते परवडणारे नव्हते. त्याने बाजूला सरकणे, ठोसा अंगाबाहेर काढणे आणि लगेच उलट मारणे यांचा पद्धतशीर वापर सुरू केला आणि स्वतःपेक्षा थोराड माणसांना हरवून तो १७९२ च्या सुमारास इंग्लंडचा विजेता झाला. १७९५ मध्ये जॉन जॅक्सनने मात्र त्याचे लांब केस एका हाताने पकडून दुसऱ्या हाताने त्याला ठोकले. त्या वेळच्या नियमांत ते बसत होते. तंत्र कितीही चांगले असले तरी ते नियमांच्या चौकटीतच चालते, ही गोष्ट पुढेही पुन्हा पुन्हा दिसते.

१८६७ मध्ये क्वीन्सबरी नियम आले. ग्लोव्ह्ज, तीन मिनिटांची फेरी आणि कुस्तीच्या पकडींना बंदी या तीन गोष्टींनी खेळाचे रूप पालटले. पकड बंद झाल्यामुळे कमी उंचीच्या मजबूत माणसाचा जवळ जाऊन उचलून आपटण्याचा हुकमी मार्ग गेला, तर उंच माणसाला डाव्या हाताच्या जॅबने, म्हणजे झटपट सरळ ठोशाने, अंतर राखणे सोपे झाले. १८९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जेम्स कॉर्बेटने जॉन सुलिव्हनला हरवले ते हालचाल आणि अंतर यांच्या जोरावर, आणि तेव्हापासून जॅब हे उंच मुष्टियोद्ध्याचे पहिले शस्त्र ठरले. तरीही १९०० मध्ये बार्बाडोसच्या जो वॉलकॉटने, ज्याची उंची पाच फूट दोन इंचांच्याही आत होती, जो चॉयन्स्की या हेवीवेट मुष्टियोद्ध्याला सातव्या फेरीत हरवले. पोटावर आणि बरगड्यांवर आधी घाव घालायचे, म्हणजे उंच माणसाचे डोके आपोआप खाली येते, हा धडा त्या पिढीने पक्का केला.

सर्वांत गाजलेले उदाहरण ४ जुलै १९१९ चे. टोलेडो येथे सहा फूट एक इंच उंचीचा जॅक डेम्प्सी, सहा फूट साडेसहा इंच उंचीच्या जेस विलार्डसमोर उभा राहिला. आरंभी डेम्प्सी काही काळ केवळ भोवती फिरत राहिला. मग आत शिरून त्याने आधी शरीरावर आणि लगोलग जबड्यावर मारा केला, आणि पहिल्याच फेरीत विलार्ड सात वेळा खाली गेला. तिसऱ्या फेरीनंतर तो उठलाच नाही. गुडघ्यात वाकून, खांदे डावी-उजवीकडे झुलवत पुढे सरकण्याची डेम्प्सीची ढब तेव्हापासून आदर्श मानली गेली. मात्र या लढतीचे कौतुक करताना एक भान ठेवायला हवे, कारण पडलेल्या माणसाला मोजत असताना दूरच्या कोपऱ्यात जाऊन थांबण्याचे बंधन तेव्हा नव्हते. विलार्ड गुडघ्यावरून उठू लागला की डेम्प्सी तिथेच उभा असे. आजच्या नियमांत ती फेरी तशीच झाली असती, असे मला वाटत नाही.

रॉकी मार्सियानोची गोष्ट सीमाभागातल्या मुलांना मी अधिक उपयोगाची मानतो. त्याची उंची पाच फूट साडेदहा इंच आणि दोन्ही हात पसरल्यावर भरणारा पल्ला जेमतेम ६८ इंच, म्हणजे हेवीवेट विजेत्यांमध्ये अगदीच कमी. प्रशिक्षक चार्ली गोल्डमन यांनी त्याला ताठ उभे करण्याचा खटाटोप केला नाही; उलट आणखी खाली वाकायला लावले, पायांतले अंतर दुरुस्त केले आणि वाकलेल्या अवस्थेतूनच जोर कसा उचलायचा हे शिकवले. २३ सप्टेंबर १९५२ रोजी तेव्हाचा विजेता जर्सी जो वॉलकॉट (वर आलेला बार्बाडोसचा वॉलकॉट वेगळा) याच्याविरुद्ध मार्सियानो पहिल्याच फेरीत खाली गेला, बारा फेऱ्यांअखेर गुणांतही मागे होता, आणि तेराव्या फेरीत आखूड उजव्या हाताच्या एका ठोशाने त्याने लढत संपवली. ४९ पैकी ४९ लढती जिंकून तो निवृत्त झाला.

जो फ्रेझरने हीच वाट पुढे नेली. ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मोहम्मद अलीचा पल्ला त्याच्यापेक्षा सुमारे पाच इंचांनी जास्त होता. अली अपरकट मारताना उजवा हात खाली सोडतो, हे फ्रेझरच्या गोटातले प्रशिक्षक एडी फच यांनी हेरले होते, म्हणून फ्रेझरने खाली झुकत राहून अलीला तोच ठोसा मारायला भाग पाडावे आणि त्या क्षणी डावा हुक सोडावा, असा बेत होता. पंधराव्या फेरीत त्या डाव्या हुकनेच अली खाली गेला आणि पंचांनी एकमताने फ्रेझरला विजयी ठरवले. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने मात्र फ्रेझरचे खांदे हातांनी मागे ढकलून त्याला नेमके अपरकटच्या पल्ल्यात उभे केले आणि दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. वाकून सरळ रेषेत पुढे जाणाऱ्यासाठी याहून स्पष्ट इशारा इतिहासात नाही.

त्या इशाऱ्याचे उत्तर प्रशिक्षक कस डि'अमाटो यांच्या शिकवणुकीत मिळते. दोन्ही मुठी गालांना लावून, कोपरे बरगड्यांशी मिटून, डोके सतत मधल्या रेषेच्या बाहेर ठेवायचे ही त्यांची पद्धत. फ्लॉइड पॅटरसन तिच्या बळावर १९५६ मध्ये वयाच्या २१ व्या वर्षी आणि माइक टायसन १९८६ मध्ये २० व्या वर्षी हेवीवेट विजेता झाला. पाहणाऱ्यांच्या लक्षात राहते ते टायसनचे डोके. खरे काम पाय करतात. ठोसा चुकवल्यावर तो समोर थांबत नसे. अर्धे पाऊल बाजूला टाकून प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याबाहेर उभा राही, जिथून त्याचा ठोसा बसे आणि समोरच्याला मारण्यासाठी आधी वळावे लागे. उंच मुष्टियोद्ध्यांनी यावरही तोड काढली. १९८७ मध्ये जेम्स स्मिथने लढतभर मिठी मारून ठेवली, तर फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोला बस्टर डग्लसने लांब जॅब आणि त्यामागून उजवा हात असा मारा न थांबवता टायसनला दहाव्या फेरीत बाद केले. डोके हलायचे थांबले की ही पद्धत कोसळते.

हौशी बॉक्सिंगचा हिशेब वेगळा आहे आणि आपल्या मुलांचा संबंध मुख्यतः त्याच्याशी येतो. ऑलिम्पिकमध्ये १९९२ पासून पंचांनी बटण दाबून ठोसे मोजण्याची संगणकीय पद्धत होती. तिच्यात लांबून लागलेला स्वच्छ सरळ ठोसा सहज नोंदला जाई आणि जवळून पोटात मारलेले ठोसे बरेचदा वाया जात. कमी उंचीच्या खेळाडूंचे त्यात नुकसान झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. लंडनच्या २०१२ ऑलिम्पिकमध्ये महिलांचा सर्वांत हलका गट ५१ किलोंचा असल्यामुळे ४८ किलोंत खेळणाऱ्या मेरी कोमला वजन वाढवून आपल्याहून थोराड स्पर्धकांशी लढावे लागले, आणि तरीही आत-बाहेर करण्याच्या वेगावर तिने कांस्यपदक मिळवले. २०१३ पासून फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण देण्याची पद्धत आली, पुरुषांचे हेडगार्ड गेले, आणि जवळच्या माऱ्याला पुन्हा काही किंमत आली.

बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, आणि भारतात हा खेळ मुख्यतः छावण्यांमधूनच रुजला. लष्करात बॉक्सिंग शिकलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर पुढे १९७२ मध्ये पॅरालिंपिकच्या जलतरणात सुवर्णपदक जिंकून आले, हे या बाजूला अनेकांना ठाऊक आहे. आनंदवाडीच्या आखाड्याची परंपरा सांगणाऱ्या बेळगाव शहरात कुस्ती आणि बॉक्सिंग शेजारी-शेजारी वाढले, म्हणून इथल्या मुलाला वरच्या इतिहासातले काय लागू पडते हे नेमके पाहायला हवे.

पटात शिरणारा पैलवान नजर समोरच्याच्या कमरेवर ठेवून डोके पुढे आणि खाली नेतो. रिंगमध्ये हीच हालचाल दोन कारणांनी नडते. एक तर डोके प्रतिस्पर्ध्याच्या कमरेच्या पट्ट्याच्या खाली नेणे किंवा पुढे खुपसणे नियमबाह्य आहे. दुसरे, खाली गेलेल्या नजरेला वर येणारा अपरकट दिसत नाही. त्यामुळे प्रशिक्षक दोन खांबांमध्ये छातीच्या उंचीवर दोरी ताणून बांधतात. तिच्याखालून जाताना कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. वजन डाव्या पायावरून उजव्या पायावर न्यायचे, पाठ सरळ ठेवायची आणि डोळे सतत समोरच्याच्या छातीवर. जोर-बैठकांनी घडलेल्या मांड्या इथे खरोखर उपयोगी पडतात, कारण तीन फेऱ्या अशा काढणे केवळ धावून कमावलेल्या पायांना जड जाते.

दुसरी सवय अंतराचा तो पट्टा ओलांडल्यावर आड येते. पैलवानाचे हात जवळ जाताच आपसूक पकड शोधतात, तो समोरच्याच्या दंडाला किंवा मानेला धरतो, रेफरी ताकीद देतो आणि दोघांना वेगळे करतो. म्हणजे मोठ्या कष्टाने मिळवलेले अंतर फुकट जाऊन उंच खेळाडूला पुन्हा त्याच्या सोयीच्या जागी उभे राहता येते. यासाठी दोन मुलांनी कपाळ एकमेकांच्या खांद्यावर टेकवून, मुठी मिटलेल्या ठेवून, केवळ आखूड हुक आणि अपरकट मारण्याचा सराव रोज ठरवून करावा लागतो. मे २०२४ मध्ये रियाधला सहा फूट तीन इंचांच्या ओलेक्झांडर उसिकने सहा फूट नऊ इंचांच्या टायसन फ्युरीला हरवले, तेव्हाही पुढचा पाय प्रतिस्पर्ध्याच्या पायाबाहेर ठेवणे, जॅबला जॅबने अडवणे आणि पोटावर मारा करून फ्युरीला मागे रेटणे एवढ्याच गोष्टी तो बाराही फेऱ्या करत होता. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर कोलमडला आणि रेफरीला मोजावे लागले.